सावलीवरून माड: बडोद्यात बसून पाहिलेली दूरची बेटं

ऑक्टोबरच्या शेवटी हातात घेतलेलं काम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं. दीव, लक्षद्वीप, चागोस, सेशेल्स आणि मॉरिशसजवळचं राउंड आयलंड, एवढ्या ठिकाणचे माड-ताड उपग्रहाच्या चित्रांतून ओळखायचे आणि एका नकाशा-फाइलमध्ये नोंदवायचे, असं ते काम. सुरुवातीला चित्रात नुसते हिरवे ठिपके दिसतात आणि चार दिवसांत माणूस कंटाळून सोडून देतो. म्हणून कुठे किती वेळ गेला, काय फुकट गेलं आणि कशाने डोळा तयार झाला ते क्रमाने लिहितो.

बेटं निवडण्यामागे एक धागा आहे. बडोद्याचा रेखांश सुमारे 73.2 पूर्व. नकाशावर तिथून बोट सरळ दक्षिणेला नेलं की मिनिकॉय येतं, पुढे मालदीव, त्याच्या पुढे चागोस. ही रांग योगायोगाने जमलेली नाही. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्तबिंदूने दख्खनचा काळा खडक ओतला, त्याच्याच वरून पृथ्वीचं कवच सरकताना समुद्रतळावर ही डोंगररांग तयार झाली. आपला पावागड त्याच लाव्हाचा. आज तो तप्तबिंदू रियुनियन बेटाखाली आहे आणि मॉरिशस त्याच वाटेवरचं. सेशेल्सची मुख्य बेटं मात्र ग्रॅनाइटची. तो भारतापासून तुटून मागे राहिलेला जुना तुकडा. पावागडापासून राउंड आयलंडपर्यंत या वाटेने जायचं ठरवलं आणि बाकीच्या शेकडो बेटांचा मोह आपोआप सुटला. सुरुवात करणाऱ्याने आपला असा एखादा धागा आधी पकडावा.

पहिला आठवडा जुळवाजुळवीत गेला. गूगल अर्थ प्रो हे संगणकावरचं सॉफ्टवेअर 2015 पासून फुकट आहे, आणि या कामाला मोबाइलवरचा नकाशा पुरत नाही. जुनी चित्रं दाखवणारी घड्याळाच्या खुणेची पट्टी, अंतर मोजायची पट्टी आणि खाली कोपऱ्यात उमटणारी चित्राची तारीख, या तीन गोष्टींवर सगळं काम चालतं. 24 इंची जुना मॉनिटर 3,200 रुपयांना घेतला; पंधरा इंची पडद्यावर झावळ्या मोजताना डोळे दुखतात. डेटा एका संध्याकाळी दीड जीबीपर्यंत जातो. सेटिंगमध्ये डिस्कवरची साठवण वाढवून ठेवली तर तेच बेट दुसऱ्यांदा उघडताना वाट पाहावी लागत नाही.

बाकीची खाती उघडण्यात बराच वेळ गेला. लँडसॅट उपग्रहांची चित्रं देणाऱ्या अमेरिकी संकेतस्थळावर पत्ता, कामाचं स्वरूप, चित्रांचा उपयोग असं सगळं भरावं लागतं. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांसाठी वेगळं खातं, आणि त्याचं खातरजमेचं पत्र स्पॅममध्ये जाऊन पडलं होतं. दोन्ही मिळून चार दिवस गेले, आणि माडांसाठी दोन्हींचा उपयोग नाही. लँडसॅटचा एक पिक्सेल 30 मीटरचा, सेंटिनेलचा 10 मीटरचा. माडाचा अख्खा शेंडा 8 ते 10 मीटर भरतो, म्हणजे पूर्ण झाड एका ठिपक्यात. झाड ओळखायला 30 ते 50 सेंटिमीटरचं चित्र लागतं, आणि ते गूगल अर्थ, बिंग किंवा एसरी या नकाशा-कंपनीच्या वेबॅक या जुन्या चित्रांच्या साठ्यात फुकट बघायला मिळतं. वेबॅकमध्ये 2014 पासूनच्या आवृत्त्या आहेत आणि चित्रावर क्लिक केलं की ते कधी टिपलं ते कळतं. एकाच बेटाची तिन्हीकडची चित्रं वेगळ्या दिवसांची असतात. एकात ढग असला तर दुसऱ्यात बहुतेक नसतो.

एक खातं मात्र उघडाच: जीबीआयएफ. जगभरच्या वनस्पतिसंग्रहांतले नमुने आणि लोकांनी टिपलेल्या नोंदी तिथे एकत्र मिळतात. झाडाचं शास्त्रीय नाव टाकायचं, अक्षांश-रेखांश असलेल्याच नोंदी निवडायच्या आणि साध्या तक्त्याच्या रूपात मागणी नोंदवायची. सात-आठ मिनिटांत मेलवर दुवा येतो. त्या तक्त्यात ‘अनिश्चितता मीटरमध्ये’ असा एक रकाना असतो, तो सगळ्यात आधी बघा. जुन्या नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसतं बेटाचं नाव असतं, आणि नंतर कोणीतरी बेटाच्या मध्यावर खूण करून टाकलेली असते. लोक आपल्या निसर्गनोंदी टाकतात त्या आयनॅचरलिस्टवरून आलेल्या दुर्मीळ जातींच्या नोंदी तर मुद्दाम 0.2 अंशाच्या चौकोनात कुठेही टाकतात, म्हणजे जवळपास 22 किलोमीटरचा फरक. खूण समुद्रात पडली म्हणून नोंद खोटी ठरत नाही. एका संग्रहाला मूळ चिठ्ठीबद्दल पत्र लिहिलं होतं. साडेपाच आठवड्यांनी उत्तर आलं की चिठ्ठीवर फक्त बेटाचं नाव आहे. असं पत्र पहिल्याच आठवड्यात पाठवावं आणि उत्तराची वाट न बघता काम चालू ठेवावं.

अक्षांशाचा घोळ एकदा तरी होतोच. 4 अंश 20 मिनिटं दक्षिण म्हणजे उणे 4.333, उणे 4.20 नव्हे. सेशेल्सच्या प्रालीन बेटावरच्या व्हॅली द माई या दरीचे आकडे, 4 अंश 20 मिनिटं दक्षिण आणि 55 अंश 44 मिनिटं पूर्व, असे दशांश समजून टाकले तर खूण सुमारे 35 किलोमीटर दूर निळ्या पाण्यात पडते. उणे चिन्ह विसरलं तर विषुववृत्ताच्या पलीकडेच.

नोव्हेंबर संपूर्ण बडोद्यातच घालवला, आणि तोच महिना सगळ्यात कामाला आला. जे झाड आपण खालून ओळखतो, ते वरून कसं दिसतं हे आधी डोळ्यात बसवायचं. विश्वामित्रीच्या काठची शिंदी, शहराबाहेरच्या बांधावरचे ताड, बागांमधले रॉयल पाम, बंगल्यांच्या आवारातले माड, अशी चाळीस झाडं जागेवर जाऊन नोंदवली आणि घरी येऊन चित्रात शोधली. माड वरून चांदणीसारखा दिसतो. झावळ्या सुट्या आणि मधल्या फटीतून जमीन दिसते. शिंदी गच्च आणि करडी, कडा बारीक काट्यांची. ताडाला चांदणी नसते. तो पाच-सहा मीटरचा काळसर गोळा, कड करवतीसारखी.

पण वरून दिसणारा शेंडा फसवतो. खरी ओळख सावली पटवते. सावलीत झाड आडवं पडून आपल्याला बाजूने दिसतं. खोड किती उंच, सरळ की वाकडं, शेंड्याखाली वाळलेल्या झावळ्या लोंबतात की खोड स्वच्छ आहे, हे सगळं त्या काळ्या रेघेत असतं. त्यासाठी चित्र योग्य महिन्याचं हवं. बहुतेक उपग्रह स्थानिक सौरवेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमाराला जातात. डिसेंबरात त्या वेळी बडोद्यात सूर्य क्षितिजापासून 39 अंशांवर असतो आणि 15 मीटरच्या ताडाची सावली 18 मीटर पडते. जूनमध्ये तीच सावली झाडाच्या पायाशी गोळा होते.

उंची काढायला त्रिकोणमिती लागतेच असं नाही. त्याच चित्रात माहीत असलेल्या उंचीची वस्तू शोधायची. आमच्या इमारतीची गच्ची टेप सोडून मोजली, 13.2 मीटर. डिसेंबरच्या चित्रात तिची सावली 16.1 मीटर. म्हणजे सावलीला 0.82 ने गुणलं की उंची. शेजारच्या ताडाची सावली 17.5 मीटर, उंची 14.3. सावली सपाट जमिनीवर पडलेली हवी. भिंतीवर चढली किंवा उतारावर घसरली की आकडा चुकतो. मोजणी खोडाच्या बुंध्यापासून करायची, शेंड्यापासून नाही. उपग्रह अनेकदा तिरपा बघतो आणि उंच झाडाचा शेंडा बुंध्यापासून दोन-चार मीटर बाजूला दिसतो. समुद्राकडे झुकलेला माड समजून मी जे पाच नोंदवले होते, त्यांतले तीन सरळ होते, असं दुसऱ्या तारखेच्या चित्रात कळलं.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या चित्रात ऊन दक्षिणेकडून, म्हणजे पडद्याच्या खालून येतं. डोळ्याला उजेड वरून येण्याची सवय असल्याने खड्डा उंचवटा वाटतो आणि टेकडी खड्डा. नकाशा फिरवून सावल्या आपल्याकडे पडतील असा धरला की सगळं जागेवर येतं. काम झालं की ‘एन’ दाबून उत्तर वर, ‘यू’ दाबून नजर सरळ खाली.

डिसेंबरच्या मध्याला दीवला जाऊन आलो. या सगळ्या कामात तेवढाच प्रवास. रात्रीची बस, जाऊन-येऊन 1,400 रुपये. नागवा किनाऱ्यावर रावणताड आहेत, ज्याला तिकडे होका म्हणतात, शास्त्रीय नाव हायफेनी डायकॉटोमा. ताडाच्या कुळात फांद्या फुटणारं झाड विरळाच, आणि हे त्यांपैकी एक. वरून पाहिलं तर पाच-सात छोटे ताड खेटून लावल्यासारखं दिसतं. हिवाळ्यातल्या चित्रात सावली बघा: एक खोड निघतं, काही मीटरवर त्याचे दोन होतात, दोनाचे चार, आणि प्रत्येक टोकाला पंख्यांचा एक झुपका. वाळूवर ही आकृती इतकी स्वच्छ पडते की बेचक्या मोजता येतात. किनाऱ्यावर उभं राहून त्याच झाडाच्या बेचक्या मोजल्या तेव्हा चित्रातल्या सातपैकी सहा जुळल्या. सातवी मागच्या झाडाची होती. तेव्हापासून सावलीवर माझा विश्वास बसला.

जानेवारीत लक्षद्वीप. 36 बेटं, सगळी मिळून सुमारे 32 चौरस किलोमीटर. इथे वेगळीच अडचण आली: माडच माड. कवरत्तीवर शेंड्यात शेंडा अडकलेला, सावली जमिनीपर्यंत पोचतच नाही आणि मोजणी होत नाही. दोन दिवस झाडं मोजायचा प्रयत्न करून सोडून दिला आणि फक्त कडेची, वाळूवर सावली टाकणारी झाडं घेतली. लावलेल्या माडांत ओळी सापडतात; आपल्याकडची शिफारस साडेसात मीटरच्या अंतराची आहे, पट्टी लावली की ते अंतर पुन्हा पुन्हा येतं. रानात ओळ नसते. बेटाच्या टोकाचे एकांडे माड बघून ते आपोआप रुजलेत असं ठरवण्याआधी आजूबाजूला साडेसात-आठ मीटरवर बुंधे किंवा रिकाम्या जागा आहेत का ते बघावं.

किनारा सरकल्यासारखा दिसला तर लगेच निष्कर्ष काढू नका. दूरच्या बेटांची दोन तारखांची चित्रं एकमेकांवर काही मीटर, कधी त्याहून जास्त, सरकलेली असतात; भरती-ओहोटीने पुळणीची रुंदी बदलते ती वेगळी. प्रवाळखडकाचा एखादा न हलणारा कोपरा किंवा धक्क्याचं टोक धरून दोन्ही चित्रं जुळवायची आणि मग मोजायचं. बंगारमच्या खाजणातलं पराली-1 हे बेट मात्र खरोखरच झिजून गेलं.

माड नसलेली झाडं इथेच ओळखायला शिकावीत. सुरूचं झाड धुरकट, कडा नसलेलं. केवडा चांदणीसारखाच, पण चांदणी लहान, आणि एका झुडपाला तीन-चार. पुळणीलगतची फिकट पोपटी पट्टी झुडपांची असते. उंच, ओल्या बेटांवर वृक्षनेचे माडासारखेच दिसतात आणि भल्याभल्यांना चकवतात. तिथे सावली लांब मिळेपर्यंत नोंद ‘अनिश्चित’ म्हणूनच ठेवावी.

फेब्रुवारीत चागोस, आणि तिथे मन जड झालं. ही माणसांनी वसवलेली, खोबऱ्याच्या मळ्यांची बेटं. 1968 ते 1973 या काळात तिथल्या रहिवाशांना हलवलं गेलं. पेरोस बान्योस आणि सालोमन या कंकणद्वीपांवर मागे माड राहिले. कोणी नारळ उचलत नाही, पडलेला प्रत्येक नारळ तिथेच रुजतो, आणि मळ्याच्या ओळी नव्या रोपांत बुडून जातात. वरून हे एकसारखं टोकदार, चांदण्यांनी विणलेलं छप्पर दिसतं. मूळ रान जिथे उरलंय तिथे पोत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, गोल गोल. या दोन पोतांमधली हद्द आखता येते. एका बेटाला साधारण दोन तास लागतात. हद्द जिथे सरळ रेघेत जाते, तिथे जुन्या मळ्याची कड असण्याची शक्यता मोठी.

इथेच फाइल हरवली. गूगल अर्थ प्रो खुणा नीट बंद होताना जतन करतो. मध्येच वीज गेली आणि 63 खुणा गेल्या. तेव्हापासून दर अर्ध्या तासाने खुणांच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून केएमझेड, म्हणजे गूगल अर्थच्या खुणांची फाइल वेगळी साठवतो आणि नावात तारीख घालतो.

मार्च सेशेल्सचा. दर्याई नारळ आपल्याला अत्ताराच्या दुकानात आणि फकिराच्या कटोऱ्यात माहीत असतो. मालदीवच्या किनाऱ्याला वाहून यायचा म्हणून शास्त्रीय नावातही माल्डिविका. झाड प्रालीन बेटावर आहे हे 1768 मध्ये कळलं. व्हॅली द माई 1983 पासून जागतिक वारसा आहे आणि फक्त सेशेल्समध्ये आढळणाऱ्या माड-ताडाच्या सहाही जाती तिथे एकत्र वाढतात. म्हणून सगळे तिथेच चित्र उघडतात आणि निराश होतात: अरुंद दरी, एकमेकांवर चढलेले शेंडे, वर ढग. शिवाय प्रालीनवर मार्च आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य माथ्यावरून जातो. त्या दिवसांत साडेदहाला 15 मीटरच्या झाडाची सावली जेमतेम सहा मीटर, शेंड्याच्या बाहेर धड येतच नाही. जूनच्या चित्रात तीच साडेदहा मीटरपर्यंत जाते. जुन्या चित्रांच्या पट्टीवर मे ते जुलै आणि नोव्हेंबर ते जानेवारी एवढंच चाळलं की वेळ वाचतो.

दरी सोडून समोरच्या क्युरियूज बेटावर जा. तिथे उतारांवर तांबडी माती उघडी आहे आणि दर्याई नारळ सुटे उभे आहेत. पंख्यासारखं एक पान माणसाहून कितीतरी मोठं, त्यामुळे शेंड्यातलं प्रत्येक पान चित्रात वेगळं दिसतं. वाळकी, पिवळट पानं खाली लोंबताना सावलीत दिसतात. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, ते मात्र वरून ओळखता येत नाही. तसा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका.

या फळांची चोरी होते. त्यामुळे दुर्मीळ झाडांच्या नेमक्या खुणा कुणाला पाठवू नयेत. माझ्या वाटायच्या फाइलमध्ये या जातींचे आकडे एका दशांशापर्यंतच ठेवलेत, म्हणजे 11 किलोमीटरची मोघम जागा. छापील पानांवर चित्राखाली उमटणारं श्रेय कापायचं नाही. ए-3 रंगीत प्रत रावपुऱ्यात 40 रुपयांना पडली, बारा पानं काढली. छापण्याआधी चित्र सर्वांत मोठ्या आकारात जतन करा, नाहीतर झावळ्या विरघळतात.

हे सगळं घरबसल्या करून काय मिळतं, असं वाटायला लागलं तर मादागास्करची ताहिना आठवावी. काजूच्या बागेचे व्यवस्थापक झाविए मेत्झ यांना फिरताना दिसलेला हा प्रचंड ताड 2008 मध्ये शास्त्राला नवी प्रजाती म्हणून माहीत झाला. 18 मीटर उंची, पाच मीटर रुंद पानं. गूगल अर्थमध्ये दिसावा एवढा मोठा. चित्र सगळ्यांसाठी उघडं होतं. पण खालून कोणी त्याला ओळखलं नव्हतं, तोवर तो नुसता ठिपका होता.

शेवटचं राउंड आयलंड, मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे 22 किलोमीटरवर. दोन चौरस किलोमीटरचा ज्वालामुखीचा उघडा माथा. परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. इथला बॉटल पाम, हायोफॉर्बे लॅजेनिकॉलिस, जगभरच्या बागांत आहे, रानात मात्र फक्त याच बेटावर. आपल्याकडच्या नर्सरीत बॉटल पाम म्हणून पुष्कळदा रॉयल पाम हातात देतात. खरा बुटका असतो, खालून फुगलेला, आणि डोक्यावर चार ते आठच पानं. बेटावर बकऱ्या आणि ससे सोडले गेले होते, त्यांनी रोपं उरू दिली नाहीत. 1979 पर्यंत बकऱ्या आणि 1986 पर्यंत ससे हटवल्यावर रान परत येऊ लागलं.

चित्रात आधी दिसतात ते लटानिया जातीचे ताड: निळसर करडे गोळे, उतारभर विखुरलेले. बॉटल पाम शोधायला मला नऊ संध्याकाळी लागल्या. तो गोळा दिसत नाही, चांदणीही नाही; चार-पाच पिक्सेलांची एक फुली दिसते, आणि उघड्या खडकावर फुल्या पुष्कळ असतात. शेवटी जूनचं एक स्वच्छ चित्र मिळालं. दक्षिण गोलार्ध, सकाळचं ऊन ईशान्येकडून, सावल्या नैर्ऋत्येला. एका फुलीपासून साडेचार मीटरची सावली निघाली होती. बुंध्याशी जाड, वर एकदम बारीक, टोकाला चार-पाच पानं. आठ महिन्यांनंतरच्या दुसऱ्या चित्रात तीच फुली त्याच खडकाच्या कडेला होती आणि सावली वेगळ्या दिशेला पडली होती. 11 एप्रिलला रात्री ती खूण ‘बहुतेक’साठी ठरवलेल्या रंगाने लावली, केएमझेड साठवली आणि मॉनिटर बंद केला.